कमी मिठाचा डबा

आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक पाटी होती. 'मासळी विक्रेत्यांना आवारात येण्यास सक्त मनाई आहे. गॅलरीत बोंबील वाळत घालू नयेत. हुकुमावरून, सचिव.' तो सचिव मी. मजकूरही माझाच. महापेला एका कंपनीच्या प्रशासन विभागात मी पंचवीस वर्षं नोटिसा लिहिल्या आहेत, त्यामुळे त्या मजकुराचा मला तेव्हा थोडा अभिमानही होता. नेरुळला आमच्या गॅलरीतून सारसोळे गाव दिसतं, आणि खाडीवरून वारा सुटला की गाव घरातच येतं. हे गाव आमची इमारत उभी राहायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तिथे आहे, ही गोष्ट पाटी लिहिताना माझ्या लक्षात आली नाही, असं नाही. आली होती. मजकुरात घेतली नाही.

पुढचं सगळं त्या पाटीखाली घडलं आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बोलका स्वभाव नाही माझा. बायको म्हणते, तुमच्या तोंडून काही काढण्यापेक्षा खवलेल्या करवंटीतून पुन्हा खोबरं काढणं सोपं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. कारण सांगण्यासारखं नाही. ब्लडप्रेशर होतं आणि गोळ्या मी आठवण झाली की घेत असे. मग आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. बायको स्वतःची किडनी द्यायला निघाली होती, तिच्या डायबेटीसमुळे डॉक्टरांनी नको म्हटलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण तिच्या तोंडावर त्याबद्दल एक शब्द मी कधी काढलेला नाही. शेवटी नाव यादीत गेलं. एखाद्याचा मेंदू मृत झाला, घरच्यांनी हो म्हटलं, की त्याचे अवयव ज्यांना मिळायचे त्यांची ही यादी. म्हणजे रांगच. रांगा मला नवीन नाहीत. पण ही रांग पुढे सरकायची तर कुणीतरी मरावं लागतं, हे पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं.

आता जे लिहितो, ते लिहिण्यासाठीच हा सगळा खटाटोप. डायलिसिसला कॅबने जाताना पाम बीच रस्त्यावर मोटारसायकलवाली पोरं भरधाव जायची. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. पूर्वी अशांना बघून मी चुकचुकत असे. मग चुकचुकणं थांबलं आणि मी नुसता बघू लागलो. अंगाने कसा आहे, दंड कसे आहेत, वय काय असेल. एकदा सिग्नलला एकाला इतकं निरखलं की त्याने काचेशी वाकून विचारलं, "काय अंकल, ओळखता का?" मी नाही म्हटलं. मनात म्हटलं, अजून नाही.

फोन आला तो एका मंगळवारी दुपारी, मी दहीभात कालवत असताना. आता काही खाऊ नका, लगेच निघा. लिफ्टमध्ये मी शीळ घालत होतो, असं बायको सांगते. मला आठवत नाही, असं मी इतके दिवस म्हणत आलो. आठवतं.

किडनी बसली आणि पहिल्या दिवसापासून चालू लागली. दात्याचं नाव हॉस्पिटल सांगत नाही, तसा नियमच आहे. तिथल्या समन्वयक बाई म्हणाल्या, हवं तर नाव न घालता पत्र लिहा, आम्ही त्यांच्या घरी पोचवू. मी मोठ्या उत्साहाने बसलो. 'कळविण्यात येते की' इथवर आलो आणि अडकलो. दुसऱ्या दिवशी 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत' असं एक वाक्य सुचलं. माझ्या हातून माणसाला लिहिणं होणार नाही, हे ओळखून पॅड मिटवलं.

नाव कळलं ते फ्लेक्सवरून. नवी मुंबईत बारशापासून तेराव्यापर्यंत सगळं फ्लेक्सवर कळतं. सारसोळ्याच्या नाक्यावर कुणा पुढाऱ्याने लावला होता: अवयवदान करून चौघांना जीवदान देणाऱ्या गावच्या सुपुत्रास श्रद्धांजली. पुढाऱ्याचा फोटो मोठा, सुपुत्राचा लहान. तारीख माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, हॉस्पिटल तेच. मुलगा तिशीच्या आतला, मोटारसायकलवर बसून हसत होता. दंड चांगले होते. हेल्मेट हँडलला.

समोरच्या पानवाल्याकडे सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, एकुलता एक होता, बाप कधीच गेलाय, आई मासळी बाजाराच्या बाहेर रस्त्यावर बसते.

मग मी त्या बाजाराबाहेर जाऊन उभा राहू लागलो. तीन रविवार. डॉक्टरांनी गर्दीत तोंड बांधायला सांगितलं होतं म्हणून मास्क, आणि हातात माझी हॉस्पिटलची फाईल. ती घेऊन का गेलो, मला सांगता येणार नाही. पुरावा म्हणून असेल. साठीच्या आसपासची बाई, ठसठशीत कुंकवाऐवजी कपाळावर हिरवं गोंदण, हातात कोयता. ती माझ्याकडे बघायची आणि घाईघाईने टोपल्या आवरायची. मला वाटायचं, दुःखामुळे लक्ष लागत नसेल. तिसऱ्या रविवारी तिनेच हाक मारली.

"पालिकेचा हायेस ना? तोंड बांधून काय उभा ऱ्हातोस? टोपल्या उचलायच्या तर उचल, नायतर धंद्याच्या समोरून बाजूला हो."

अतिक्रमणवाला समजली होती मला. माझ्यामुळे त्या बाईचे दोन रविवार बुडाले होते. मी मास्क खाली केला आणि म्हणालो, "तुमच्या मुलाची किडनी माझ्याकडे आहे."

हे वाक्य पुढे मी मनात शंभरदा दुरुस्त केलं. ऐकणाऱ्याला वाटावं, चोरून फाईलीत घालून आणली आहे. तिने कोयता ठेवला. हात लुगड्याला पुसले. मग तिने जो पहिला प्रश्न विचारला तो मला विचारायचा हक्क जगात फक्त तिलाच होता.

"लघवी होते?"

"होते."

"नीट?"

"दोन-अडीच लिटर. रोज."

बाजूला कोलंबी सोलणाऱ्या बाईचे हात थांबले. ही मात्र मान हलवत राहिली. "चांगलं हाय," म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

मला तेव्हा वाटलं, हृदय मिळालं असतं तर किती सोयीचं होतं. कान लावून ऐकवता आलं असतं. किडनीचं काय ऐकवणार? पण ती बाई माझ्यापेक्षा व्यवहारी होती. तिने मला उलट्या टोपलीवर बसवलं आणि सांगत गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं गेलं, बाकी चालू आहे ते मशीनवर. मग एक बाई येऊन शेजारी बसली, तिने चौघांबद्दल सांगितलं. हिने सही करायच्या आधी एवढंच विचारलं, त्याला दुखेल का.

मग अचानक मला म्हणाली, "आता म्हावरा खावासा वाटतो का रं तुला? पोऱ्या माजा म्हावऱ्याबिगर जेवायचाच नाय."

आमच्या घरात चातुर्मासात कांदालसूणही नसतो. मी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. पण तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि मी म्हणालो, "वाटतो." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बायकोच्या कुठल्याही प्रश्नाला मी इतक्या लवकर उत्तर दिलेलं नाही.

"कुठला?"

मला एकाच माशाचं नाव येत होतं. माझ्याच पाटीवर होतं ते.

"बोंबील," मी म्हणालो.

तिने माझ्या इमारतीचं नाव विचारून घेतलं. पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास इंटरकॉम वाजला. आमचा वॉचमन साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा. पूर्वी बाजार समितीत माथाडी होता, पाठ गेली म्हणून इथे. तो म्हणाला, "साहेब, एक मावशी डबा घिऊन आल्यात, म्हणत्यात आतच नेऊन देते. पन पाटी हाय. आन् पाटीखाली तुमी हाय."

मी खाली पोचेपर्यंत ती डबा त्याच्या केबिनमध्ये ठेवून निघून गेली होती. तीन पुडांचा स्टीलचा डबा, फडक्यात गाठ मारलेला. इंटरकॉमवरचं बोलणं बायकोने ऐकलं होतं. मी वर गेलो तेव्हा ती दारात उभी होती. "तो वर आणायचा असेल तर मला आधी सांगा, मी आईकडे जाते," म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि टाकायचा असेल तर तेही सांगा, मी तेव्हाही आईकडे जाईन."

टाकवेना. खाववेना. मी पुन्हा खाली गेलो आणि डबा वॉचमनच्या पुढे सरकवला. त्याने लगेच गाठ सोडली. जेवून झाल्यावर बोटं चाटून एवढंच म्हणाला, "लई भारी. मीठ तेवढं कमी हाय."

बरोबरच होतं. किडनीवाल्याला मीठ कमी, हे तिने कुणाकडून तरी विचारून घेतलं असणार. कमी मिठाचं ते जेवण चांगली ठणठणीत किडनी असलेला माणूस जेवत होता.

मग तो रिवाजच पडला. रविवारी अकराला डबा यायचा, वॉचमन जेवायचा, मी बागेच्या नळावर डबा घासायचो. घरात कधी वाटी विसळली नाही, असं वरून गॅलरीतून बायकोचं ऐकू यायचं, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. संध्याकाळी मी डबा घेऊन सारसोळ्याला तिच्या घरी जायचो आणि ओट्यावर बसून वॉचमनचं मत माझं म्हणून सांगायचो. विसरू नये म्हणून मोबाईलमध्ये लिहून न्यायचो. 'कोलंबी ताजी. कालवणाला आंबटपणा छान.' मिठाचं अर्थातच गाळायचो. एकदा तिने तिसऱ्या दिल्या होत्या. तिसऱ्या म्हणजे शिंपले, हे मला कुठे ठाऊक. मी मनापासून सांगितलं, काटा म्हणून एक लागला नाही. ती "हो का," म्हणाली.

दोन महिन्यांनी वॉचमनची मिठाची कुरकुर बंद झाली. सवय झाली असेल, असं मी समजलो.

आणखी एक. बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही, खाली जमिनीकडे बघायची. मी ते फार मनावर घेतलं. मुलाचा अवयव घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नसेल. निदान आपण व्यवस्थित दिसावं म्हणून मी नवे बूट घेतले, मोजे घेतले, आणि रविवारी संध्याकाळी लग्नाला जाणाऱ्या माणसासारखा पॉलिश करून जाऊ लागलो. त्यानंतर ती जास्तच गप्प झाली.

असं दीड वर्ष चाललं. मग एका रविवारी ती म्हणाली, "पुढल्या शनवारी त्याचा दिस हाय. दोन वर्सं झाली. त्याच्या आवडीचं करनार. त्याच्या जागेवर तू बसायचं जेवायला. घरीच ये, डबा नाय."

मी हो म्हटलं. मी नेहमी हो म्हणतो.

पुढचे सहा दिवस मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. ताप आल्याचं सांगावं, असा एक विचार केला. तर ती किडनी बिघडली समजून धावत येईल. ऑफिसचा दौरा काढावा, तर प्रशासन विभागाला कसला दौरा? बायको म्हणाली, अहो, जाऊन खरं सांगा. हा मार्ग मी सगळ्यात आधी सोडून दिला. शेवटी बुधवारी वॉचमनच्या केबिनमध्ये सराव करायचं ठरलं. त्याने कुठूनसा तळलेल्या बांगड्याचा तुकडा आणला. "औषध समजून गिळा, साहेब. डोळं मिटा." मी डोळे मिटले, तुकडा तोंडात घातला, आणि पळत जाऊन सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात ओकलो. नेमका तेव्हा कमिटीचा एक सभासद गाडी लावत होता. सचिव भरदुपारी पिऊन होते, ही बातमी संध्याकाळपर्यंत तिन्ही विंगांत पोचली. मला काळजी वेगळीच होती. सकाळच्या गोळ्या पोटात राहिल्या की गेल्या? किडनी टिकावी म्हणून घ्यायच्या गोळ्या त्या. तिच्या मुलाची किडनी मी तिला खोटं बोलता यावं म्हणून पणाला लावली होती. कुंपणाशी वाकलेला असताना हे मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

शनिवारी गेलो. बूट घालून. दारात काढले, मोज्यांनीच आत गेलो. भिंतीवर तोच फोटो, हार घातलेला. त्याखाली पाट, पाटापुढे ताट: तांदळाची भाकरी, कालवण, तळलेला मोठा तुकडा, कोलंबी. ताट एकच. ती समोर गुडघा उभा करून बसली.

मी भाकरीचा तुकडा मोडला. हात ताटावर तसाच राहिला.

"मावशी," मी म्हणालो, "मी मासे खात नाही. कधीच खाल्ले नाहीत. तुमचे डबे आमचा वॉचमन खातो. पहिल्यापासून."

"ठाव हाय," ती म्हणाली.

वॉचमननेच सांगितलं होतं. म्हणजे सांगितलं असं नाही. दुसऱ्याच महिन्यात डबा घेताना तो बोलून गेला होता, मावशी, सगळं झ्याक असतंय, मीठ जरा वाढवा.

"तवापासून मीठ बरोबर घालते," ती म्हणाली. "आन् तिसऱ्यांना काटे नसतात रं."

मी विचारलं, मग दीड वर्ष डबा कशाला पाठवलात?

"डबा नाय पाठवला तर तू येशील कशाला? डबा परत द्यायला येतोस, तवा तुझे पाय बघते. त्या हॉस्पिटलातल्या बाईंनी सांगितलं व्हतं, किडनी बिघडली की आधी पाय सुजतात. पयले चपला घालून यायचास, बरं दिसायचं. मग ते बूट आनलेस. आठ-आठ दिस जीव टांगनीला. मोजे काढ बोलनार तरी कसं? परका मानूस."

मी मोजे काढले. त्या पाटावर बसून, तिच्या मुलाच्या फोटोखाली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. ती पुढे वाकून दोन्ही पावलं नीट बघू लागली, आणि ती तशी बघत असताना माझं तोंड उघडलं. जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते सगळं त्या बाईला सांगितलं. कॅब. पाम बीच. हेल्मेट नसलेली पोरं, त्यांचे दंड. सिग्नलवरचा मुलगा आणि माझं 'अजून नाही'. लिफ्टमधली शीळ. सांगताना मी ताटाकडे बघत होतो.

ती उठली. माझ्यापुढचं ताट उचललं आणि आत गेली. मी समजलो, झालं. मोजे शोधू लागलो, एक सापडेना. आतून भांड्यांचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हातात दुसरं ताट होतं. भाकरी आणि वालाची भाजी. सकाळीच करून ठेवली होती ती, मी यायच्या आधी.

ताट ठेवून ती पुन्हा तशीच बसली आणि फोटोकडे न बघता बोलू लागली. "आयसीयूच्या काचेभायेर बसले व्हते मी. समोरच्या खाटेवर एक म्हातारा व्हता, लय म्हातारा. मी देवीला बोलले, त्याला ने, त्याचं झालंय सगळं. माज्या पोऱ्याला ठेव. दोन दिस तेच बोलत व्हते. म्हाताऱ्याची सून मला चहा आनून देत व्हती, तो पीत पीत बोलत व्हते. म्हातारा चालत घरी गेला. तू निदान कोनावर बोट तरी ठेवलं नव्हतंस. जेव आता. मीठ नाय त्यात."

मी जेवलो. वाल कडवट होते आणि मीठ खरंच अजिबात नव्हतं. दुसऱ्यांदा मागून घेतले. फोटोखाली बसून जेवायला मला लाज वाटायला हवी होती. ती मला घरी गेल्यावर वाटली. तिथे नाही वाटली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फाटकावरची पाटी काढली. भरदुपारी, सगळ्यांदेखत. कमिटीच्या मंजुरीशिवाय सोसायटीची मालमत्ता हलवल्याबद्दल आता मला नोटीस आली आहे. मजकूर अगदीच ढिसाळ आहे.

डबा अजून येतो, पण आता दोन येतात. मिठाचा वॉचमनला, बिनमिठाचा मला. माझा वर नेतो. बायकोने एकदा त्यातली भाजी चाखली आणि म्हणाली, त्या बाईंना म्हणावं, यात गूळ घातलात तर मीठ नसल्याचं कळणार नाही. हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. एक शब्द गाळला नाही.

संध्याकाळी चपला घालून जातो. ती आधी पाय बघते, मग तोंड. परवा डाव्या घोट्यावर तिने अंगठा दाबून धरला, उचलला, आणि खळगा पडतो का ते बघत राहिली. पडला नाही. मग म्हणाली, "जा घरी. बायको वाट बघत असंल."